ट्रॉमा सिम्युलेशन वर्कशॉप: डमी भारी, पण पैसे वसूल डिब्रीफिंगमध्ये (केसनंतरच्या चर्चेत)

पुण्यातल्या एका सिम्युलेशन सेंटरचं ट्रॉमा वर्कशॉप केलं, म्हणजे अपघातातल्या पेशंटवरचे उपचार डमीवर करून बघायचे. नाव देत नाही, कारण खाली वाईटही लिहिलंय. इंटर्न आणि इमर्जन्सीला नुकतेच लागलेले ज्युनियर विचारत असतात की पैसे घालावेत का, तर माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.

आधी डमी. छाती वरखाली होते, पल्स लागते, डोळ्यात टॉर्च मारला तर प्युपिल लहान होतात, आणि काचेमागे बसलेले सर कॉम्प्युटरवरून सॅच्युरेशन पाडत असतात. भारी वाटतं. पण हात लावला की कोरडं रबर. खरा शॉकमधला (बीपी कोसळलेला) पेशंट थंडगार, घामाने चिकट असतो, अर्धं निदान तर हातालाच कळतं, आणि इथे सर माइकवरून सांगणार "स्किन थंड आहे" मग कसला फील येणार.

केस मात्र आपल्याकडचीच होती. बाइकवाला, हेल्मेट नाही, बीपी 80, मानेच्या शिरा फुगलेल्या, उजवीकडे एअर एंट्री नाही, म्हणजे फुप्फुसात हवा जात नाही. टेन्शन न्यूमोथोरॅक्स, म्हणजे छातीत हवा अडकून फुप्फुस आणि हृदय दाबलं जातं, ती सुई घालून लगेच काढायची, एक्सरेची वाट बघत बसलात की डमी कार्डियाक अरेस्टमध्ये. वाचलेलं सगळ्यांनी असतं, तरी मॉनिटरच्या बीपचा सूर खाली उतरायला लागला की चांगल्या चांगल्यांचे हात थांबतात. गंमत म्हणजे एटीएलएसच्या (ट्रॉमा उपचारांचा आंतरराष्ट्रीय कोर्स) 2018 च्या दहाव्या आवृत्तीपासून मोठ्या माणसात सुई चौथ्या-पाचव्या स्पेसमध्ये (दोन बरगड्यांमधली जागा), मिडअ‍ॅक्सिलरी लाइनच्या (काखेच्या मधून सरळ खाली) जरा पुढे घालायला सांगतात, आणि या डमीला भोक फक्त वरती जुन्या जागी, सेकंड स्पेसला! म्हणजे तोंडाने एक सांगायचं आणि हाताने दुसरं करायचं. एवढ्या महागड्या वस्तूत हे पटलं नाही.

सर्जिकल एअरवे (गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करणं) खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या श्वासनळीवर शिकवला, आणि खरं सांगू तर ते त्या लाखांच्या डमीपेक्षा सरस होतं, ब्लेड आत जाताना कार्टिलेज कसं लागतं ते रबरावर कळतच नाही. पेल्विक बाइंडरही (ओटीपोटाचं हाड मोडलं तर आवळून बांधायचा पट्टा) नीट शिकवला, बहुतेक जण कमरेला बांधतात, तो खाली ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा) लेव्हलला हवा, आणि नसेल तर बेडशीटने पण काम भागतं.

आता डिब्रीफिंग. आधी रेकॉर्डिंग दाखवतात. एका टीमचा लीडर ओरडला "कोणीतरी ब्लड पाठवा रे" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, सॅम्पल ट्रेमध्येच पडून. मॅडम कोणावर चिडल्या नाहीत, व्हिडिओ थांबवून फक्त विचारलं, हे कोणी न्यायचं होतं? एकदम शांतता. मग नाव घेऊन सांगायचं, समोरच्याने ते परत म्हणायचं, झालं की "झालं" सांगायचं, हे परत परत करून घेतलं. माझे साडेतीन स्टार जवळजवळ सगळे या मॅडमचेच.

कमी काय पडलं तर आपली कॅज्युअल्टी. तिथे रूम शांत, एसी चालू, आपल्याकडे बेडभोवती नातेवाईक, एमएलसीसाठी (पोलिस केसच्या नोंदीसाठी) उभा असलेला हवालदार, ब्लड बँकेत पळणारे वॉर्डबॉय मामा. नुसता गोंधळ हवा म्हणून नाही म्हणत. ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड (रक्तस्राव कमी करायचं औषध) अपघातानंतर 3 तासांच्या आत सुरू करायचं, मग अपघात नेमका कधी झाला हे रडणाऱ्या भावाकडून काढून घेणं पण स्किलच आहे ना, आणि त्यासाठी एखाद्या स्टाफलाच नातेवाईक करून उभं केलं असतं तरी चाललं असतं. सिस्टरही नव्हत्या, सगळे डॉक्टरच, खऱ्या रिससमध्ये (जीव वाचवायच्या धावपळीत) असं कधी बघितलंय का?

आणि हो, हे एटीएलएस नाही. सर्टिफिकेट सेंटरचंच मिळतं, तेव्हा त्या आशेने फी भरू नका. भरण्याआधी फोन करून विचारा की एका डमीमागे किती जण असतील आणि प्रत्येकाला लीडर व्हायला मिळेल का. आमच्या बॅचला काही जण शेवटपर्यंत नुसते बीव्हीएम (श्वास द्यायची पिशवी) दाबत होते. जेवण चांगलं होतं.