उबरची रिक्षा आणि डेव्ह के. नावाचा चालक

कोथरूडहून पुणे स्टेशनला जाण्यासाठी गेल्या आठवड्यात उबरवरून रिक्षा बोलावली. चार आकडी पिन सांगून झाल्यावर हँडलच्या वर अडकवलेल्या चालकाच्या फोनकडे सहज लक्ष गेले. त्यावर भाडे होते आणि उतरण्याचे ठिकाणही होते. "पूर्वी गिऱ्हाईक बसल्याशिवाय कळायचं नाही कुठं जायचंय ते," चालक म्हणाले, "आता आधीच दिसतं." स्टेशनवर उतरल्यावर त्यांच्याच क्यूआर कोडवर पैसे भरले. कंपनी मध्ये कुठेच आली नाही.

या बदलांच्या काळात कंपनीचे प्रमुखपद ज्यांच्याकडे आहे, त्या दारा खोस्रोशाही यांची वाटचाल ठाऊक असेल तर ही सेवा अधिक नीट कळते. दारा हे नाव आपल्याला एखाद्या इराणी हॉटेलच्या गल्ल्यावरचे वाटावे; मात्र हे इराणी अलीकडचे. १९६९ साली तेहरानमध्ये जन्मलेल्या दारांच्या कुटुंबाने १९७८ मध्ये, क्रांतीच्या तोंडावर, मोठा घरचा उद्योग मागे ठेवून देश सोडला आणि फ्रान्समार्गे न्यूयॉर्कजवळच्या टॅरीटाऊनमध्ये नातेवाइकांकडे आश्रय घेतला. पुढे वडील आजारी आजोबांसाठी इराणला परतले आणि काही वर्षे तेथेच अडकून पडले. ब्राऊन विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी, गुंतवणूक बँकेतील नोकरी, मग २००५ पासून बारा वर्षे एक्स्पीडिया या पर्यटन कंपनीचे प्रमुखपद, असा हा प्रवास. इराणसह सात देशांच्या नागरिकांवर अमेरिकेने २०१७ च्या जानेवारीत प्रवेशबंदी घातली, तेव्हा त्याविरुद्धच्या खटल्यात एक्स्पीडियाने वॉशिंग्टन राज्याची बाजू घेतली होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते उबरमध्ये आले आणि महिनाभरातच लंडनने कंपनीचा परवाना वाढवून देण्यास नकार दिला. खोस्रोशाही यांनी खुले पत्र लिहून माफी मागितली. नोव्हेंबरमध्ये, सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती आदल्या वर्षी चोरीस गेल्याचे त्यांनी स्वतः जाहीर केले. आधीच्या व्यवस्थापनाने ते दडवून ठेवले होते. २०२३ हे कंपनीला कामकाजातून नफा झालेले पहिले पूर्ण वर्ष ठरले.

माझ्या मते मात्र त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाची गोष्ट निराळी आहे. महासाथीनंतर चालक मिळेनासे झाले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत 'डेव्ह के.' या नावाने ते स्वतः गाडी चालवू लागले. आधी कबूल केलेली टिप प्रवासी नंतर कमी करतात, हा अनुभवही त्यांनी घेतला. ज्याचे जळते त्याला कळते! भारतातील चालकांना उतरण्याचे ठिकाण आधी दाखवण्याची सोय २०२२ मध्ये सुरू झाली, तर फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षांवरील कमिशन जाऊन त्याजागी ठरावीक शुल्क आले.

प्रवाशाच्या बाजूने पाहता हिशेब इतका सरळ नाही. ठिकाण आधी दिसले की जवळचे भाडे नाकारणे सोपे होते. शिवाय नव्या पद्धतीत ॲपवरील भाडे हा केवळ अंदाज असून अंतिम रक्कम चालक आणि प्रवाशाने ठरवायची आहे, म्हणजे ज्या घासाघिशीला कंटाळून आपण ॲपकडे वळलो ती पुन्हा दारात उभी राहते. भारतीय ग्राहकाच्या अपेक्षा फार आणि पैसे मोजण्याची तयारी कमी, असे खोस्रोशाही २०२४ मध्ये बंगळुरूत म्हणाले होते. 'फुकट ते पौष्टिक' मानणाऱ्यांनी ते मान्य करावे. परंतु ठरलेला दर मागणे म्हणजे फुकट मागणे नव्हे.

माझ्या त्या फेरीत दाखवलेले भाडेच घेतले गेले, रिक्षा स्वच्छ होती आणि वाट अचूक होती. दिवसा एकट्याने जायचे असल्यास मी हीच रिक्षा पुन्हा बोलावीन. सामान घेऊन पहाटेची गाडी गाठायची असेल, तर थोडे जास्त मोजून त्याच ॲपवरची टॅक्सी बरी.