इराण्याची खुर्ची की शिसवी खुर्ची: जेवणाच्या टेबलासाठी जुना सेट घेताना

जेवणाच्या टेबलाला जुन्या खुर्च्या हव्यात म्हणून मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात फिरलं, की दोन प्रकार हमखास पुढे येतात. एक इराण्याच्या हॉटेलातली, वाकवलेल्या लाकडाची, गोल बैठकीची हलकी खुर्ची. दुसरी शिसवी, कोरीव पाठीची, उचलायला दोन हात लागतात अशी. विकणारा दोन्हींना 'शंभर वर्षांपूर्वीची' म्हणतो. पण दोन्हींची ओळख वेगवेगळ्या जागी पटते आणि किंमतही वेगवेगळ्या कारणांनी ठरते.

आधी इराण्याची. हिचं मूळ घराणं व्हिएन्नाच्या मायकल थोनेटचं. 1859 साली त्याची 14 नंबरची खुर्ची आली. बीच नावाच्या युरोपीय लाकडाच्या काठ्या वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायच्या. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढीच खुर्ची. सुटे भाग बांधले की 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून ती बोटीतून दूरदूरच्या देशांत पोचली. 1869 मध्ये थोनेटचा एकाधिकार संपला आणि 'कोन' नावाच्या कंपनीसारखे दुसरे कारखानदारही तशाच खुर्च्या करू लागले. त्यामुळे इराण्याची प्रत्येक खुर्ची 'थोनेट' नसते, आणि तसं सांगून कुणी जादा पैसे मागत असेल तर पुरावा मागायचा.

पुरावा बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला असतो. खुर्ची उलटी करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि कडं हळूहळू फिरवत बघा. लाकडात दाबलेला कारखान्याचा छाप किंवा कागदी लेबलाचा उरलेला तुकडा तिथे सापडतो. छापात चेकोस्लोव्हाकियाचं नाव असेल तर खुर्ची 1918 नंतरची, कारण त्याआधी तो देशच नव्हता. पॉलिश उडालेल्या जागी फिकट लाकडावर बारीक, आखूड, तपकिरी रेघा दिसल्या तर ते बीच. मग पाठ बघा. मागचे दोन्ही पाय आणि पाठीची कमान मिळून एकच अखंड काठी असायला हवी. मध्ये जोड किंवा लोखंडी पट्टी दिसली तर ती मोडून दुरुस्त केलेली आहे. बीचला कीड लवकर लागते, तेव्हा बारीक भोकं आणि खाली पडलेला पिवळसर भुसा शोधाच.

शिसवीला बहुतेक वेळा छाप नसतो. घडवणाऱ्या सुताराचं नाव कुठेच नाही याचं मला दर वेळी वाईट वाटतं, कारण काम अप्रतिम असतं. इथे ओळख पटते ती हत्यारांच्या खुणांवरून. बैठकीच्या चौकटीच्या आतून बोट फिरवलं की रंध्याचे किंचित उंचसखल पट्टे लागतात. सगळीकडे यंत्रासारखं गुळगुळीत लागलं तर जपून. फुलीच्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकापासूनचे; ते दिसले तर एक तर खुर्ची नंतरची, नाही तर दुरुस्त केलेली. झीजही खोटी करता येते, पण खरी झीज जागच्या जागी असते: पुढच्या आडव्या दांडीवर पाय ठेवून ठेवून पडलेला खळगा, हातांच्या टोकांशी आलेली चकाकी.

मागे मला 'आठांचा सेट' दाखवला होता. टेप काढून मोजलं तेव्हा तीन खुर्च्यांची बैठक अर्ध्या इंचाने अरुंद निघाली, आणि त्यांच्यावर कोरलेल्या फुलांना पाचाऐवजी चार पाकळ्या. पाच जुन्या, तीन त्यांच्या नमुन्यावर नंतर केलेल्या. आठांची किंमत देऊन मी घरी आलो असतो.

मोल ठरतं ते इथेच. एकाच सुताराच्या हातच्या आठ खुर्च्या एका खुर्चीच्या आठपटीहून महाग असतात आणि त्यातल्या दोन खुर्च्यांना हात टेकायच्या दांड्या असतील तर आणखी. हे शिसवीला पुरेपूर लागू आहे. इराण्याच्या खुर्चीचं तसं नाही. ती साच्यातली, जोडीदार पुन्हा मिळतो, म्हणून चारच्या सहा हळूहळू करता येतात. दोन्हींच्या किमतीतून बैठकीचा वेत नव्याने बसवायचा खर्च वजा करा, पण आधी वीण बघा. कड्याभोवती भोकं असतील तर वेत हाताने विणलेला, एकेक खुर्ची कारागिराचे बरेच तास खाते. भोकांऐवजी खाच असेल तर तयार जाळी बसते, स्वस्तात होते.

रोज वापरायच्या, छोट्या फ्लॅटमध्ये हलवायच्या असतील तर माझं मत निःसंशय इराण्याच्या खुर्चीला. शिसवी घ्यायची ती सगळ्या एकाच हातच्या आहेत याची खात्री झाल्यावरच; नाहीतर पाचच घ्या आणि पाचांचाच भाव द्या.

परदेशातल्या मुलीकडे पाठवायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी खुर्च्यांच्या वयाची खात्री करा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं फर्निचर खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. खुर्च्या तेवढ्या जुन्या नसतील तर तसा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. शिसवीला त्यावर लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमही लागतात. विकणाऱ्याने 'शंभर वर्षांपूर्वीची' असं पावतीवर लिहून दिलं तर तीच पावती तिथे तुमच्या आड येईल.