मे महिन्यातला मोफत खुला नाट्यप्रयोग, सोलापूर: प्रयोग कसा झाला, सोयी कशा होत्या आणि जाताना काय न्यावं

जुळे सोलापुरातल्या एका शाळेच्या पटांगणावर मे महिन्यात झालेल्या या प्रयोगाला तिकीट नव्हतं. पुन्हा लागला तर घरच्या सगळ्यांना घेऊन बघावा असाच तो होता. आधी ४० मिनिटांचं बालनाट्य, मग मध्यंतर, आणि त्यानंतर सव्वा तासाचं लोकनाट्याच्या बाजाचं नाटक. उन्हाळ्यातल्या खुल्या प्रयोगाची पारख मात्र नुसत्या अभिनयावरून होत नाही. दिवसभर ४१-४२ अंशांत भाजून निघालेल्या गावात चारशेच्या आसपास माणसं दोन-सव्वादोन तास एका जागी बसवायची, तर पाणी, बैठक, वारा, उजेड आणि घरी जायची वाट या सगळ्याचा विचार आधी करावा लागतो. आयोजकांनी त्यातलं बरंचसं नीट केलं होतं. पाणी आणि वळवाची तयारी या दोन बाजू मात्र लंगड्या पडल्या, आणि आरोग्याच्या दृष्टीने नेमक्या याच दोन सगळ्यात मोठ्या.

आधी वेळेबद्दल. पत्रकावर साडेसहा छापलं होतं आणि तिसरी घंटा झाली सव्वासातला. हा उशीर नव्हता, विचार करून ठेवलेलं अंतर होतं, आणि ते योग्यच होतं. मेमध्ये सोलापुरात सूर्य सातच्या जरा आधी मावळतो. इथला वारा या दिवसांत बहुतेक पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो. त्यामुळे रंगमंच पश्चिमेला उभा केला तर वाऱ्याबरोबर संवाद प्रेक्षकांकडे वाहत येतात, पण मावळतं ऊन प्रेक्षकांच्या थेट डोळ्यांत जातं. रंगमंच पूर्वेला केला तर डोळ्यांना आराम, पण आवाज वाऱ्याविरुद्ध जातो आणि मागच्या निम्म्या माणसांना काही ऐकू येत नाही. इथे रंगमंच पश्चिमेलाच ठेवून सूर्य बुडेपर्यंत पडदा उघडला नाही. मोकळ्या मैदानात यापेक्षा चांगला तोडगा नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, त्यामुळे शेवटालाही मर्यादा आहे. सव्वासात ते साडेनऊ एवढाच खरा वापरायचा वेळ मिळतो, आणि नाटकाची लांबी त्यात बसवलेली होती.

बैठकीत एक बारकावा पाहण्यासारखा होता. पटांगणाचा पुढचा भाग मातीचा, मागचा बास्केटबॉलच्या मैदानाचा, म्हणजे काँक्रीटचा. मातीवर साडेपाचला पाणी मारलं होतं. सहापर्यंत धूळ बसली, चिखल झाला नाही, आणि सातला जमीन हाताला गार लागत होती. पाणी प्रयोगाच्या अगदी तोंडावर मारलं तर सतरंज्या ओल्या होतात. दुपारी चारलाच मारलं तर सहाला पुन्हा धूळ उडते. काँक्रीट मात्र दिवसभराची उष्णता धरून ठेवतं आणि आठपर्यंत सोडत राहतं. त्यावर पातळ सतरंजी टाकून बसलेल्या मागच्या रांगांना खालून गरम वाफ लागत होती. खुर्च्या मागे काँक्रीटवर आणि भारतीय बैठक पुढे मातीवर, अशी मांडणी झाली असती तर दोघांचंही भलं झालं असतं. मधुमेह असलेल्यांनी इथे खास जपावं. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर तापलेल्या काँक्रीटवर अनवाणी चालताना चटका बसलेला कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी फोड दिसतो. चपला काढायच्या त्या सतरंजीच्या कडेला, फाटकाशी नव्हे.

दर चार रांगांमागे दीड मीटरची मोकळी वाट सोडली होती आणि ती शेवटपर्यंत मोकळी राहील याकडे स्वयंसेवकांचं लक्ष होतं. वयस्कर मंडळींसाठी ३०-४० खुर्च्या उजव्या कडेला, फाटकाजवळ होत्या. जीव घाबरला तर माणसाला चारचौघांवरून उचलून न्यावं लागत नाही, हा त्या जागेचा फायदा.

आता पाणी. चारशे माणसांसाठी २० लिटरचे चार जार, म्हणजे ८० लिटर. माणशी जेमतेम एक पेला. या हवेत दोन तासांसाठी माणशी अर्धा लिटर तरी धरायला हवं, म्हणजे २०० लिटर, दहा जार. मध्यंतराआधीच तीन जार रिकामे झाले आणि रांग बालनाट्यातल्या मुलांच्या पालकांपर्यंत आली तेव्हा चौथाही तळाला गेला. त्याहून वाईट म्हणजे साखळीने बांधलेले दोन स्टीलचे पेले सगळ्यांच्या ओठांना लागत होते. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात ते अशाच सवयींनी. नळ असलेला जार उंच टेबलावर आणि ज्याची त्याची बाटली, एवढं केलं तरी पेल्याचा प्रश्न उरत नाही.

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे आयत्या वेळी शाळेच्या टाकीवर भिस्त ठेवू नये. टाकी झाकलेली असेलच, धुतलेली असेलच असं नाही. घरून माणशी एक लिटर न्या. ताक किंवा पन्हं चांगलंच, पण ते संध्याकाळी सहानंतर भरलेलं असावं. दुपारपासून डिकीत तापलेलं ताक नको. ओआरएसची मोठी पुडी बरोबर एक लिटर पाण्यातच घालायची. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकली की मिठाचं प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तयार केलेलं पाणी २४ तासांनंतर ओतून द्यायचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही, अंगावर जास्त वेळा पाजायचं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांचं पाणी लवकर कमी होतं. गोळी मनाने बंद करू नये. उन्हाळ्यात मात्रा बदलायची का, हे डॉक्टरांना विचारावं.

आवाज पहिली दहा मिनिटं दुहेरी येत होता. कारण साधं होतं. रंगमंचाशी दोन स्पीकर आणि २० मीटर मागे आणखी दोन. पुढच्या स्पीकरचा आवाज हवेतून तिथे पोचायला सुमारे ५७ मिलिसेकंद लागतात, मागच्या स्पीकरला मात्र तो वायरमधून लगेच मिळतो. मिक्सरवर मागच्या जोडीला तेवढा विलंब दिला नाही तर प्रत्येक शब्दाचं शेपूट ऐकू येतं. तो दिल्यावर शेवटच्या रांगेतही संवाद स्वच्छ झाला. फूटमाइकवर फोमची टोपी नव्हती, म्हणून झुळूक आली की फुरफुर होई. मोठ्यांच्या नाटकात कॉलर माइक होते आणि तिथे काम करणाऱ्यांनी आवाजाची फेक आवरती ठेवली. उघड्यावर ओरडायचा मोह आवरणं अवघड असतं, आणि त्यांना ते जमलं.

उजेडाला हॅलोजनऐवजी एलईडीचे पार दिवे (रंगमंचावर वापरतात ते गोल झोत टाकणारे) वापरले होते. नटांच्या अंगावर उष्णता पडत नाही, नऊवारी आणि फेटा घालून सव्वा तास नाचणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पांढऱ्या-निळ्या प्रकाशावर किडे जमतात, पिवळसर प्रकाशावर कमी. दुसऱ्या नाटकात पिवळा ठेवला तेव्हा फरक लगेच दिसला. धुराचं यंत्र मात्र नको होतं. रंगमंच पश्चिमेला असल्यावर धूर वाऱ्याने सरळ पुढच्या रांगांवर येणारच, आणि पुढे मुलं बसलेली होती. दमा असलेल्यांनी पंप पिशवीत न ठेवता खिशात ठेवावा आणि कडेला बसावं.

बंद नाट्यगृहापेक्षा मोकळ्या हवेत खोकल्या-शिंकांतून होणारा संसर्ग कमी पसरतो, पण खांद्याला खांदा लावून बसल्यावर हा फायदा बराचसा जातो. खोकला असेल तर मास्क लावून वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे इथे पूर्वेकडे, मागे बसावं. ताप असेल तर घरीच थांबावं. ही सूचना सुरुवातीला मराठी, तेलुगू आणि हिंदीत दिली, हे फार चांगलं झालं. पूर्व भागातून यंत्रमागाची पाळी संपवून आलेली आणि विडी कामगारांची बरीच कुटुंबं होती. त्यांना आपल्या भाषेत ऐकलेलं लगेच पटतं. कन्नडचीही भर घालावी.

डेंग्यूचा डास दिवसा आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त चावतो, म्हणजे लोक येऊन बसतात नेमक्या त्याच वेळी. पूर्ण बाह्या, पायमोजे आणि डासांचं मलम घरातून निघतानाच लावलेलं बरं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मलम लावू नये, मच्छरदाणीची टोपली वापरावी.

प्रथमोपचाराचं टेबल या प्रयोगातली सगळ्यात चांगली सोय. तापमापक, रक्तदाबाचं यंत्र, ओआरएस आणि बादलीत भिजवलेले टॉवेल. आपल्याकडचे टेरी टॉवेल पाणी भरपूर धरतात, आणि सोलापूरची हवा कोरडी असल्यामुळे मानेवर, काखेत ठेवलेला ओला टॉवेल खरंच अंगाची उष्णता उतरवतो. नुसती चक्कर, घाम, पायात गोळे असतील तर सावलीत आडवं करून पाय वर, घोट घोट पाणी. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखं तापलं, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात. तेव्हा १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगभर पाणी आणि वारा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. खिशातल्या कांद्यानेही नाही.

वळवाची तयारी नव्हती. मेमध्ये संध्याकाळी इथे अचानक वावटळ उठते आणि मागोमाग गडगडाट येतो. लोखंडी ट्रसवर, म्हणजे सांगाड्यावर, दिवे टांगलेले, जमिनीवर केबल पसरलेली, आणि पाऊस आला तर कुठे जायचं याची एकही सूचना नाही. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की प्रयोग थांबवायचा, मुख्य स्विच बंद करायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मैदानावर परतायचं नाही. मंडप आणि कडुनिंब हा आसरा नव्हे. शाळेचे पक्के वर्ग उघडून ठेवायला हवे होते, त्यांना कुलूप होतं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप फोनवर ठेवलं तर जवळ वीज पडण्याचा इशारा मिळतो. जनरेटर मात्र मैदानाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला होता, तेवढं बरोबर.

खाण्याला फाटकाबाहेर भेळ आणि बर्फाचा गोळा. भेळ ठीक. गोळ्याचा बर्फ कसला, हे विचारून घ्या. अखाद्य बर्फात निळसर रंग टाकण्याचा नियम आहे, पण सरबताखाली तो रंग दिसत नाही. स्वच्छतागृहं शाळेचीच, बायकांसाठी फक्त दोन, मध्यंतराची दहा मिनिटं त्यांना पुरत नाहीत. वीस करावीत, किंवा मध्यंतराच्या पाच मिनिटं आधीच उठावं.

परतीला आसरा चौकापर्यंत चालत गेलं तर रिक्षा लवकर मिळते, फाटकावर साडेनऊला एकदम गर्दी होते. खुर्ची हवी असेल त्यांनी साडेसहाच्या आत पोचावं. खाली बसणाऱ्यांनी मातीच्या भागात, तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या उजव्या टोकाला जागा धरावी. तिथून चेहरे दिसतात, धूर पोचत नाही आणि मोकळी वाट हाताशी राहते. घरची जाड चादर बरोबर असू द्या. सतरंज्या सातच्या आतच संपल्या होत्या.