शिलिंगांचं स्टिकर

माझे १४० युरो गेले. रक्कम काही बुडवून टाकणारी नाही. पण ज्या रेकॉर्डपायी गेले, तिच्याबद्दल माझ्या ऑफिसातल्या आयरिश मंडळींपेक्षा मला जास्त माहिती होती, आणि विकणाऱ्यानं नेमकी तीच माहिती वापरून मला गंडवलं. जुन्या एलपी जमवणारे मराठी लोक आता पुण्या-मुंबईतही आहेत आणि इथे डब्लिनमध्येही भेटतात, त्यांच्यासाठी लिहितोय.

रेकॉर्ड होती हॉर्सलिप्स या आयरिश बँडची 'द टॉइन', १९७३ सालची. मी इथे नवीन असताना एका पबमध्ये फुटबॉलची मॅच बघत होतो. मध्येच एक गिटार वाजली आणि अख्खा पब टेबलं बडवायला लागला. ती १९९०च्या वर्ल्ड कपसाठी केलेल्या आयरिश संघाच्या गाण्यातली होती. शेजारचे आजोबा म्हणाले, "ही गिटार मूळची हॉर्सलिप्सची, 'द टॉइन'वरच्या 'जॅरग डूम' या गाण्यातली. आणि त्यांनी ती उचलली ओनीलच्या मार्चवरून. ती तर शेकडो वर्षं जुनी चाल." झालं. मी कामातून गेलो.

हा बँड जमला त्याचीही गंमत आहे. १९७०च्या सुमारास डब्लिनच्या एका जाहिरात कंपनीत काम करणाऱ्या तिघांना बिअरच्या जाहिरातीसाठी खोटा खोटा बँड म्हणून उभं केलं. कीबोर्डवाला कमी पडत होता, म्हणून जिम लॉकहार्टला आणलं. नाटक करता करता खरंच बँड झाला. पुढे जॉनी फीन हा गिटारवाला आला. पहिली रेकॉर्ड त्यांनी टिपररीतल्या एका जुन्या हवेलीत केली, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ दारात उभा करून. तिचं कव्हर अष्टकोनी, कॉन्सर्टिना या वाद्याच्या आकाराचं कापलेलं. कंपन्यांच्या दारात न जाता स्वतःच्याच 'ओट्स' या लेबलवर ती काढली.

'द टॉइन' ही दुसरी. ऑक्सफर्डशरमधल्या मॅनर स्टुडिओत रेकॉर्ड केलेली. विषय आयर्लंडचं प्राचीन आख्यान: राणी मेव्ह आणि तिचा नवरा अंथरुणात पडल्या पडल्या कुणाची संपत्ती जास्त यावर वाद घालतात. सगळं समसमान निघतं, फक्त नवऱ्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा बैल जास्त! मग तोडीस तोड बैल मिळवायला राणी उत्तरेकडच्या अल्स्टरवर सैन्य घेऊन जाते आणि तिथे एकटा वीर कूखुलिन तिला अडवतो. या कथेवर रॉक, फिडल, मँडोलिन, बासरी आणि कडाडणारी इलेक्ट्रिक गिटार. पारंपरिक चाली मध्येमध्ये चिकटवलेल्या वाटत नाहीत. गाण्यांचा कणाच त्या चालींचा आहे. कव्हरवर साखळ्यांच्या चिलखतातली मूठ.

आता यातली फसवणुकीच्या कामाची गोष्ट. १९८०मध्ये बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमधल्या कार्यक्रमानंतर बँड फुटला आणि जुन्या रेकॉर्डिंगवरचा ताबाही हातातून निसटला. पुढची बरीच वर्षं त्यांचे अल्बम त्यांना न विचारता, वाईट आवाजात, गबाळ्या कव्हरांत निघत राहिले. कोर्टात भांडून १९९९मध्ये त्यांनी हक्क परत मिळवले, मग नीट रीमास्टर करून सीडी काढल्या. हा इतिहास मला पाठ होता. म्हणून माझ्या डोक्यात एकच: मधल्या काळातली छपाई, म्हणजे तेव्हा काढलेली तबकडी, नको, १९७३चीच हवी.

विकणारा एका जाहिरातींच्या साइटवर सापडला. मी विचारण्याआधीच तो म्हणाला, "नंतरच्या छपाया कचरा आहेत, बँडला एक पैसा मिळाला नाही त्यातून. ही माझ्या वडिलांची आहे, नवी आली तेव्हाच घेतलेली." माझ्या मनातलंच बोलला की! वडील वारले होते, आई घर विकतेय, सामान हलवायचंय. फोटो पाच. मागच्या बाजूच्या फोटोत कोपऱ्यात दुकानाचं पिवळं पडलेलं स्टिकर, त्यावर शाईनं किंमत: ३९/११. एकोणचाळीस शिलिंग अकरा पेनी. मी फोटो मोठा करून ते स्टिकर बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "रेकॉर्ड बघतोयस की स्टिकर?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." (हे वाक्य महिनाभर ऐकतोय.)

किंमत १५० युरो. "साइट कमिशन खाते, थेट बँकेत पाठवलेत तर १० कमी करतो." पाठवले.

पार्सल मात्र आलं, हे कबूल. मूठवालं कव्हर, आत तबकडी, तीही वाजणारी. आवाज ऐकून मी तर डोळे मिटून घेतले होते. दोन आठवड्यांनी एका जुन्या रेकॉर्डवाल्याच्या दुकानात मिरवायला घेऊन गेलो. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, मागची बाजू बघितली आणि हसायलाच लागला.

"ही कधीची म्हणालास?"

"१९७३."

"आणि शिलिंग कधी बंद झाले?"

मला माहीत नव्हतं. १५ फेब्रुवारी १९७१. त्या दिवशी आयर्लंड आणि ब्रिटननं शिलिंग मोडीत काढून पौंडाचे शंभर पेन्स केले. आपल्याकडे १९५७मध्ये नवे पैसे आले तसंच. १९५९च्या एखाद्या पुस्तकावर पावणेचार आणे असं छापलेलं दाखवून कुणी मला विकलं असतं, तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. इथे मात्र परक्या देशाच्या जुन्या नाण्यांनी भुललो.

त्यानं नखानं स्टिकरचा कोपरा उचलला. खाली बारकोड. दुकानातल्या काउंटरवर आजच्या पद्धतीचा पहिला बारकोड वाचला गेला तोच जून १९७४मध्ये, अमेरिकेतल्या ओहायोत, च्युइंग गमच्या पाकिटावर. मग त्यानं तबकडी दिव्याखाली तिरकी धरली आणि शेवटचं गाणं संपल्यानंतर लेबलापर्यंत जो मोकळा पट्टा असतो, त्यात कोरलेला नंबर वाचला. छपाई ओळखायची ती तिथे. कव्हर बदलता येतं, स्टिकर चिकटवता येतं, तो नंबर सहसा कुणी बदलत नाही. माझ्याकडे आलेल्या पाच फोटोंत त्या पट्ट्याचा फोटो नव्हता आणि मी मागितलाही नव्हता. तो मागायचा, आणि फोटोत शेजारी आजची तारीख हातानं लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगायची, म्हणजे दुसऱ्याच प्रतीचे फोटो खपवले जात नाहीत. दुकानदाराच्या मते माझी प्रत फार तर २० युरोंची.

बँकेनं सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, परत मिळण्याची आशा धरू नका. साइटवाले म्हणाले, व्यवहार आमच्यामार्फत झालाच नाही. दहा युरो वाचवण्यासाठी मी ते संरक्षण स्वतःच सोडलं होतं. गार्डा म्हणजे इथल्या पोलिसांकडे तक्रार नोंदवली, तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि शेवटी हळूच विचारलं, "पण गाणी चांगली आहेत ना?"

चांगली आहेत. आणि गाणीच ऐकायची असती, तर बँडनं स्वतः काढलेली सीडी मला त्याच दुकानात थोडक्यात मिळाली असती. मला हवं होतं १९७३.

विकणाऱ्याला मी रागाच्या भरात लांबलचक मेसेज टाकला: लेका, शिलिंग १९७१लाच गेले, निदान खोटं तरी अभ्यास करून बोल. त्यानं वाचला आणि मला ब्लॉक केलं.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात वेगळ्या नावानं परत लागली. तेच वडील, तीच आई, घर अजून विकायचंच आहे. मागच्या कोपऱ्यात पिवळं स्टिकर आहे. त्यावरची किंमत आता २ पौंड १९ पेन्स आहे.