थंडीतल्या डुएथलॉनसाठी लॉब्स्टर हातमोजे : उबेला पैकीच्या पैकी, अस्तराला नापास

नुसती सायकल चालवणाऱ्याने हातमोजे उबदार आहेत का एवढंच बघावं. डुएथलॉन म्हणजे पळणं, सायकल आणि पुन्हा पळणं अशी सलग शर्यत, त्यामुळे डुएथलॉनवाल्याचा प्रश्न वेगळा असतो : पळून आल्यावर घामट हातांनी हे पटकन घालता येतात का, आणि सायकल जागेवर लावल्यावर याच हातांनी हेल्मेटचं बकल उघडता येतं का? मी 64 वर्षांची आहे. पाच किलोमीटर पळणं, वीस सायकल, मग पुन्हा अडीच पळणं, असं स्प्रिंट अंतर भर थंडीत करते. माझ्या वयोगटात स्पर्धक इतक्या कमी असतात की बऱ्याचदा पूर्ण करणारीला पदक ठरलेलंच, पण पूर्ण करायला बोटं चालावी लागतात.

कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ही बनावट बऱ्याच जणांची आहे आणि माझी तक्रार बनावटीबद्दल आहे. तर्जनी आणि मधलं बोट एका कप्प्यात, अनामिका-करंगळी दुसऱ्यात, अंगठा वेगळा. दिसायला खेकड्याची नांगी. बोटं जोडीजोडीने राहिल्याने एकमेकांना ऊब देतात आणि वाऱ्याला उघडी पडणारी बाजू कमी होते. चारही बोटं एकत्र असलेला मोजा याहून उबदार, पण त्यात ब्रेक धरताना मला धाकधूक वाटते. इथे ब्रेक बिनधास्त लागतो. गिअरचं मात्र सायकलवर अवलंबून आहे. माझे केबलचे आहेत, लिव्हर दणकून ढकलायची, काही अडत नाही. बटणांचे गिअर असलेल्या एका मैत्रिणीने घालून बघितले, एका दाबात दोन्ही बटणं दाबली आणि लगेच काढून माझ्या हातात ठेवले.

ऊब खरोखर उत्तम. तीन अंश तापमानात ताशी 25 किलोमीटरने वारा अंगावर आला की त्वचेला ते उणे दोनसारखं लागतं, आणि सायकलवर तो वारा आपण स्वतःच तयार करत असतो. त्यात शरीर आधी पोट-छाती सांभाळतं आणि बोटांकडचा रक्तपुरवठा आखडता घेतं. बोटांची त्वचा साधारण 15 अंशांच्या खाली गेली की बारीक कामं जमेनाशी होतात. बकल हे नेमकं बारीक काम! (बोटं पांढरीफटक पडून मग निळी होत असतील तर मोज्यांच्या आधी डॉक्टरांना दाखवा.) या मोज्यांत माझी करंगळीसुद्धा शेवटपर्यंत जिवंत होती. पूर्वीच्या पाच बोटांच्या मोज्यांत ती अर्ध्या वाटेतच बधिर व्हायची.

आता अस्तर. आतलं लोकरी अस्तर फक्त मनगटापाशी शिवलेलं आहे, बोटांच्या टोकांना मोकळं. हात कोरडा असेल तर कळतही नाही. घामट हात बाहेर ओढला की अस्तर बोटांसकट उलटं बाहेर येतं, आणि मग ते परत आत कोंबणं म्हणजे पेन्सिल घेऊन बसण्याचा उद्योग. पळून अंग तापलंय म्हणून सायकलवर जरा काढून पुन्हा घालू म्हणाल तर विसरा. एवढ्या महाग वस्तूत टोकाला चार टाके घालायला काय झालं होतं? मी मोजा उलटा करून प्रत्येक कप्प्याच्या टोकाला अस्तर शिवणीच्या आतल्या शिल्लक कापडाला टाचलं. बाहेरच्या कापडाला भोक पाडायचं नाही, वारा आणि पाणी तिथूनच शिरतं. तेव्हापासून त्रास नाही.

घेताना एक माप मोठं घ्या. घट्ट मोज्यात हवेचा थर राहत नाही आणि ऊबही जाते. सांध्यांची सूज असलेल्यांनी तर नक्कीच. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पळणं संपवून सायकल घेण्याच्या जागी, मी मोजे तोंड उघडं ठेवून, मनगटाची पट्टी सैल करून मांडते. सुरुवातीला निघण्याआधी दोन्हींत एकेक गरम होणारी पुडी उघडून टाकते. त्यातली लोखंडाची पूड हवेने गंजते आणि तापते, म्हणून ती आधी थोडी हवेवर ठेवायची. पळून येईपर्यंत मोजा आतून गरम. क्रम असा : आधी हेल्मेट, उघड्या हातांनी बकल, मग मोजे, मग सायकलला हात. बकल लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढली तर पंच दंड करतात. परतताना उलट : सायकल जागेवर, मोजे काढायचे, मग बकल.

अंगठ्यावरचं टॉवेलचं कापड नाक पुसायला आहे, आणि ज्याने ते लावलं त्याचे आभार. मनगटाची चिकटपट्टी मात्र जर्सीच्या बाहीला चिकटते आणि धागे ओढते. घड्याळाच्या टचस्क्रीनवर या बोटांचा काही उपयोग नाही, बटणाचं घड्याळ असलं तर बरं.

पाऊस असेल तर हे नेऊ नका. बाहेरचं कापड हलक्या सरीला तोंड देतं, पण मनगटातून पाणी आत गेलं की अस्तर ओलं राहतं आणि ओल्या कापडातून उष्णता भराभर निघून जाते. तशा दिवसासाठी मी निओप्रीनचे (पाणबुड्यांच्या पोशाखाचं रबरी कापड) ठेवलेत. ते घालायला याहून त्रासदायक, पण भिजल्यावरही ऊब धरतात.