फोर लेयर सांगून टू लेयर बोर्ड गळ्यात मारले, १,२०,३१२ रुपये गेले

आकडा वरच लिहिलाय, म्हणजे लाज एकदाच वाटेल. एकोणीस वर्षं कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतोय आणि मला कुणी गंडवावं तर पीसीबीतच, म्हणजे सर्किट बोर्डातच!

फौंड्रीतल्या भट्टीचं तापमान नोंदवणारा लॉगर मी बनवतो. त्यात ४८० मेगाबिटची यूएसबी आणि इथरनेट. जुना बोर्ड टू लेयर, म्हणजे वर एक आणि खाली एक असे तांब्याचे दोनच थर (फोर लेयरमध्ये आत आणखी दोन असतात), लेआउट माझंच. टेबलावर झकास चालायचा. शिरोलीच्या एका फौंड्रीत मात्र इंडक्शन भट्टी सुरू झाली की यूएसबी सुटायची, इथरनेटची लिंक पडायची. फौंड्रीचे मालक हसत म्हणाले, "अहो, तुमचं यंत्र भट्टीला भ्यालं की!"

व्हॉट्सॲपवरच्या एका ग्रुपात विचारलं आणि बोर्ड बनवून देणारा हा गडी भेटला. ऑफिस पुण्यात, म्हणे. तो जे बोलला त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता, हे आधी लिहितो, कारण "तुला एवढंही कळलं नाही?" हे घरी ऐकून झालंय. तो म्हणाला, सर, वेगवान सिग्नलचा परतीचा करंट जवळची वाट धरत नाही, तो ट्रॅकच्या बरोबर खालून परत येतो. खालचं तांबं सलग नसेल तर त्याला वळसा पडतो, आणि तो वळसा म्हणजे अँटेना. भट्टीचा नॉइज तिथूनच आत येतो. फोर लेयर करा, दुसरा लेयर अख्खा ग्राउंड, म्हणजे परतीच्या करंटचं सलग तांबं, ठेवा, यूएसबीची जोडी ९० ओहमला आणि इथरनेटची १०० ओहमला बसवून देतो. आता सांगा, यात खोट काढणार कुठं?

लेआउट आणि सिम्युलेशनचे २२,००० घेतले, यूपीआयवर, बिल नाही. मग ६० बोर्ड, ६४० रुपयांनी ३८,४०० आणि जीएसटी ६,९१२. गर्बर फाइल (बोर्डाच्या प्रत्येक थराचा नकाशा) मागितल्या तर "सर, पूर्ण पेमेंट झालं की लगेच". त्या आजतागायत आल्या नाहीत. फाइल आधी मागा आणि तांब्याच्या फाइल मोजा. चार नसतील तर बोर्ड फोर लेयर नाही, एवढं सोपं आहे ते.

आता ती रात्र. त्यानं सिम्युलेशनचा रिपोर्ट पाठवला. अकरा पानं, रंगीत आय डायग्राम, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे ते दाखवणारी आकृती; मधला डोळा उघडा तेवढा सिग्नल चांगला, आणि इथं तो असा टपोरा उघडा. मी पाहिलं, आडव्या अक्षावर एका बिटाची रुंदी २०० पिकोसेकंद. ४८० मेगाबिटला एक बिट साधारण २.०८ नॅनोसेकंदांचा असतो, म्हणजे दहापट मोठा. २०० पिकोसेकंद म्हणजे ५ गिगाबिट, आणि माझ्या बोर्डावर ५ गिगाबिटचं काहीच नाही! कुणाचा तरी दुसराच रिपोर्ट माझं नाव घालून पाठवला होता. मला खटकलं. खटकलं, आणि मी मनाशी म्हणालो, झूम केलं असेल. साडेअकरा वाजले होते, सकाळी फौंड्रीत जायचं होतं, डोळे मिटत होते. तेव्हाच एक फोन केला असता तर निदान बोर्डांचे ४५,३१२ तरी वाचले असते. अजून रात्री तोच २०० चा आकडा दिसतो.

बोर्ड आले ते काळ्या सोल्डर मास्कचे, म्हणजे वरचा लेप काळा. "प्रीमियम दिसतं सर." हिरवा बोर्ड उजेडासमोर धरला तर आतलं तांबं थोडं तरी कळतं. काळ्यात काय दिसणार, कप्पाळ! कोपऱ्यात '४ एल' असं छापलेलं, तेवढ्यावर मी खूश. २५ बोर्डांवर सुटे भाग चढवले, बोर्डामागे १,८६० रुपयांचे, म्हणजे ४६,५००.

भट्टी सुरू झाली, लिंक पडली. अगदी पहिल्यासारखीच.

फोन केला तर म्हणतो, तुमच्या साइटचं अर्थिंग खराब आहे. मी पदरचे ६,५०० घालून नवा खड्डा मारला, कोळसा-मीठ भरलं. जमिनीतलं अर्थिंग आणि बोर्डातला ग्राउंड या दोन गोष्टी आहेत, हे मी स्वतः पोरांना शिकवतो. तरी केलं. हताश माणूस काहीही करतो.

शेवटी उद्यमनगरातल्या मित्राच्या शेडमध्ये एक बोर्ड हॅकसॉनं कापला, कड पॉलिश पेपरवर घासली आणि गुजरीतल्या ओळखीच्या सोनारांचं भिंग लावलं. वर एक रेघ, खाली एक रेघ, मध्ये नुसतं फायबर. खालचं तांबंही ॲनालॉग-डिजिटल म्हणून दोन भागांत चिरलेलं आणि यूएसबीची जोडी नेमकी त्या चिरेवरून गेलेली. जे करू नका म्हणून त्यानं मला शिकवलं, तेच त्यानं केलं होतं.

पोलिसांत गेलो. एकानं दुसरीकडं पाठवलं, दुसऱ्यानं परत पहिल्याकडं. "माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे हा." मी कापलेला बोर्ड दाखवला, साहेबांनी तो उलटा धरला. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तिथंही तेच, माल मिळालाय. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, व्यवसायासाठी घेतलेला माल, तुम्ही ग्राहकच ठरणार नाही असं ते म्हणतील. एमएसएमईचं समाधान पोर्टल उघडलं, तर ते माल विकून पैसे अडकलेल्यांसाठी; माल घेऊन बुडालेल्यांना तिथं जागा नाही. चार दारं, आणि प्रत्येक दारात अर्जाच्या दोन प्रती. झेरॉक्सचाच खर्च १४० रुपये झाला, तो वरच्या आकड्यात धरलेला नाही.

बिल सीएंनी पाहिलं आणि दहा सेकंदांत म्हणाले, "अहो, जीएसटी नंबर २९ नं सुरू होतोय, म्हणजे कर्नाटक. पुण्याचा असता तर २७ असता. आणि कर्नाटकातून माल आला तर आयजीएसटी लागतो, यानं सीजीएसटी-एसजीएसटी लावलाय." पोर्टलवर तो नंबर रद्द झालेला. नंबर आधी तपासा, पैसे मग. बिलाशिवाय यूपीआयवर एक रुपया देऊ नका. ऑर्डरमध्येच लिहून घ्या की बोर्डाच्या काठाला चारही लेयरचे आकडे तांब्यात दिसले पाहिजेत आणि इम्पिडन्सचा (त्या ९० आणि १०० ओहमचा) टेस्ट कूपन, म्हणजे मोजणीसाठीचा नमुना तुकडा, त्याच पॅनेलवरचा हवा. पहिला बोर्ड कापा. ६४० रुपये जातील, जाऊ देत.

३५ कोरे बोर्ड कपाटात पडून आहेत. परवा दुसऱ्या एका ग्रुपात मेसेज आला, "मित्रांनो, ग्राउंड प्लेनला कधीही चीर देऊ नका." खाली पाच जणांनी अंगठा दिलेला. नंबर नवा होता, फोटो तोच.