आठ बाय दहाची ‘दुसरी बेडरूम’ : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

ठिकाण सांगली, विश्रामबाग. तिसरा मजला, वर अजून एक मजला. जाहिरातीत फ्लॅट ‘टू बीएचके’, आणि दुसरी बेडरूम नकाशावर ८ × १० फूट. उन्हाळा, पावसाळा, थंडी तिन्ही यात निघाले. हा अनुभव फक्त त्या एका खोलीचा आहे. तिला बेडरूम म्हणायचं की नाही, एवढाच प्रश्न.

आधी टेप लावू. गिलावा, पुट्टी झाल्यावर आतली मापं ७ फूट १० इंच × ९ फूट १० इंच भरली, म्हणजे ७७ चौरस फूट, मेट्रिकमध्ये ७.१६ चौरस मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) घरात दोन खोल्या असतील तर एक किमान ९.५ चौरस मीटर आणि दुसरी किमान ७.५ चौरस मीटर, रुंदी किमान २.१ मीटर, असा दंडक आहे. ७.५ चौरस मीटर म्हणजे ८०.७ चौरस फूट. आता गंमत बघा: अगदी नकाशातली पूर्ण ८ × १० धरली तरी ८० च होतात. पाऊण चौरस फूट कमीच. तसंच ‘टेन बाय टेन’चं. ती १०० चौरस फूट, आणि ९.५ चौरस मीटरला लागतात १०२. बोलायला गोल आकडे सोयीचे असतात, त्यामुळे हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. रुंदीत मात्र खोली पास आहे, २.१ मीटर म्हणजे ६ फूट १० इंचांपेक्षा थोडं जास्त. उंची ९ फूट ६ इंच, तीही संहितेच्या २.७५ मीटरपेक्षा (९ फूट पाव इंच) वर. पण सहा इंचांचं पीओपी सीलिंग टाकलं की उंची ९ फुटांवर येते आणि त्या पाव इंचाने नापास होते. वातानुकूलित खोलीला २.४ मीटर चालतात, म्हणून बरेच जण इकडे काणाडोळा करतात.

मोजताना एक चूक सर्रास होते. टेप जमिनीलगत धरतात, तिथे दोन्ही बाजूंची स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली फरशीची पट्टी) मिळून जवळजवळ एक इंच खाते. भिंतीचं खरं माप स्कर्टिंगच्या वर घ्यायचं, पण पलंग आणि कपाटासाठी खालचंच धरायचं. शिवाय दोन्ही कर्ण मोजावेत. या खोलीत दोन्ही १२ फूट ७ इंच यायला हवे होते. एक इंचाचा फरक निघाला, म्हणजे खोली काटकोनात नाही. सुताराने कोपऱ्यात बसवलेल्या कपाटामागे पाचर दिसते ती यामुळेच.

आता खरा विषय, पलंग. क्वीन गादी ६० × ७८ इंच, लाकडी चौकटीसकट ६४ × ८२ धरा. उशाशी रुंदीची भिंत घेतली तर बाजूला ९४ वजा ६४, ३० इंच उरतात. पलंग मधोमध ठेवला तर दोन्हीकडे १५ इंच, म्हणजे आडवं सरकत जायचं. म्हणून तो एका भिंतीला चिकटतो आणि आत झोपणाऱ्याला दुसऱ्याच्या अंगावरून उतरावं लागतं. पायथ्याशी ११८ वजा ८२, ३६ इंच. तिथे साडेसहा फुटी लोखंडी कपाट (१९ इंच खोल, ३६ रुंद) ठेवलं की मधे १७ इंच राहतात आणि कपाटाचं दार १८ इंचांचं. एका इंचाने दार पलंगाला अडतं! मग ‘स्लायडिंग करा’ असा सल्ला मिळतो. स्लायडिंग वॉर्डरोब २४ इंच खोल लागतो, म्हणजे वाट १२ इंचांवर येते. दार उघडतं, पण त्याच्यापुढे उभं राहता येत नाही. ड्रॉवरचा पलंगही नको. ड्रॉवर अठरा-वीस इंच बाहेर येतो आणि बाजूच्या ३० इंचांत वाकायला जागा उरत नाही. त्यापेक्षा वर उचलायचा हायड्रॉलिक बरा.

सिंगल पलंग (चौकटीसकट ३८ × ७८) लांबीच्या भिंतीला लावला की चित्र बदलतं. समोर ५६ इंच मोकळे, त्यातलं कपाट १९ खातं, तरी ३७ इंचांची सरळ वाट राहते. कपाटाच्याच रांगेत ३६ इंचांचं अभ्यासाचं टेबल बसतं. अकरा महिन्यांत चार मांडण्या करून पाहिल्या, टिकली ती हीच. म्हणजे एका माणसाची ही पक्की बेडरूम आहे, जोडप्याची नाही.

दार आत उघडतं, ३० इंचांची झडप. जिथे दार फिरतं त्या चौकोनात काही ठेवता येत नाही, म्हणजे सव्वासहा चौरस फूट, खोलीचे आठ टक्के गेले. बिजागऱ्या कोपऱ्याच्या बाजूला असतील तर उघडलेली झडप भिंतीला टेकते आणि हा तोटा निम्मा वाटतो. उलट बाजूला असतील तर ती खोलीच्या मधे उभी राहते. चौकट बसवण्याआधी हे गवंड्याला सांगितलं पाहिजे, नंतर बदलायचं तर चौकट उखडावी लागते. आणि स्विचबोर्ड दारामागे येणार नाही हेही तेव्हाच बघा.

पंख्याचा घोटाळा तर नकाशात दिसतच नाही. हुक खोलीच्या मधोमध, म्हणजे लांबीच्या भिंतीपासून ४७ इंचांवर. त्याच भिंतीला दोन फुटांचा माळा. उरले २३ इंच. नेहमीच्या १२०० मिलिमीटरच्या पंख्याचं पातं मध्यापासून साडेतेवीस इंचांच्या वर जातं. म्हणजे माळ्याला धडकणारच, आणि माळ्याला झडपा लावल्या तर आणखी पाऊण इंच कमी. उपाय एकच, ९०० मिलिमीटरचा पंखा. सिंगल पलंगाला त्याचं वारं पुरतं. माळा करायचाच असेल तर दाराच्या डोक्यावर, रुंदीच्या भिंतीला करावा. तिथे पंख्यापासून लांब राहतो.

खिडकी ४ × ४ फूट, थेट बाहेर उघडणारी. हे मोठं भाग्य म्हणायचं, कारण अशा खोल्यांची खिडकी पुष्कळदा डक्टमध्ये (इमारतीतल्या पाइपांच्या पोकळीत) नाहीतर ड्राय बाल्कनीत (कपडे-भांडी धुण्याच्या बाल्कनीत) उघडते. संहितेला बाहेरची हवा किंवा उघडा व्हरांडा हवा असतो. बाल्कनीला काच लावून बंद केली की मागची खोली झोपायची राहत नाही, कोंदट कोठी होते. उघडं क्षेत्र गरम हवामानात जमिनीच्या दहाव्या ते सहाव्या भागाइतकं सांगितलं आहे, इथे पावणेआठ ते तेरा चौरस फूट. कागदावर खिडकी १६. पण सरकत्या खिडकीचं एका वेळी अर्धंच उघडतं, आणि मच्छरजाळीचा तिसरा ट्रॅक असला तरी ते बदलत नाही. प्रत्यक्षात आठ. बाहेर उघडणाऱ्या झडपा घेतल्या असत्या तर पूर्ण सोळा मिळाले असते. ग्रिल लावताना त्यातला एक भाग आतून उघडणारा ठेवावा, कारण दाराशी आग किंवा धूर असेल तर बाहेर पडायला दुसरा रस्ता नाही.

हवेचा हिशोब करून पाहा. खोलीत सुमारे २०.७ घनमीटर हवा. झोपलेला माणूस तासाला दहा-बारा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. सगळ्या फटी बंद धरल्या तर एका माणसामागे तासाला पाचशे पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग, त्या मापाने) आसपास वाढ, दोघांमागे दुप्पट. बाहेरची हवा ४२० च्या आसपास असते. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. सकाळी डोकं जड वाटतं याचं एक कारण हे. दाराखाली अर्धा इंच फट आणि खिडकी बोटभर उघडी ठेवली की फरक पडतो. एसी पाऊण टनाचा पुरेसा आहे. दीड टनाचा घेतला तर तो खोली झटकन गार करून बंद पडतो, दमटपणा तसाच राहतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये गादी ओलसर लागते. एसीसाठी १६ अँपिअरचा प्लग आणि स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) आधीच काढून घ्या. नंतर भिंत फोडावी लागते.

रुंदीची एक भिंत, जिच्यात खिडकी आहे, ती पश्चिमेला. एप्रिल-मेमध्ये ती दुपारभर तापते आणि रात्री दहा वाजले तरी हात लावला की कोमट लागते. उशी त्या भिंतीला नको. खिडकीवरचा दीड फुटाचा छज्जा दुपारी तीनपर्यंत कामाचा, त्यानंतर ऊन तिरपं आत येतं. बाहेरून बांबूची चिक सोडली तेव्हा फरक जाणवला. आतला पडदा उष्णता आत आल्यावर अडवतो, म्हणून त्याचा उपयोग कमी.

पावसाळ्यात दोन तक्रारी. कपाटामागची भिंत बाथरूमशी सामायिक आहे, तिथे स्कर्टिंगच्या वर वीतभर ओल आली आणि पोपडे सुटले. रंगवून उपयोग नाही, पाणी पलीकडच्या फरशीच्या सांध्यांतून येतं. ते सांधे इपॉक्सी ग्राउटने भरल्यावर ओल थांबली. भिंत सुकायला मात्र दोन महिने लागले. दुसरं, कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढावं लागलं, नाहीतर पाठीमागे बुरशी. ३७ इंचांची वाट ३४ झाली. तळमजल्यावर अशी खोली घेणाऱ्यांनी, विशेषतः गावभाग किंवा कर्नाळ रोडकडे, २०१९ आणि २०२१ चा पूर आठवून प्लायचा पलंग टाळावा. लोखंडी खाट धुऊन परत वापरता येते.

किमतीचं आणि नावाचं. महारेराच्या (राज्याच्या घरबांधणी नियामकाच्या) चटई क्षेत्रात घरातल्या आतल्या भिंतीही धरतात, त्यामुळे खोल्यांची बेरीज करारातल्या आकड्यापेक्षा कमी भरते. ती फसवणूक नव्हे. फसवणूक दुसरीकडे असते: या बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘चिल्ड्रन बेड’ छापलं होतं, आणि महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशात त्याच चौकोनात ‘स्टोअर’ असं लिहिलेलं. राज्याची बांधकामाची एकत्रिकृत नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे, मंजुरी त्याप्रमाणे मिळते, आणि स्टोअरसाठी लागणारी जागा बेडरूमच्या मानाने बरीच कमी. पुढे विकताना बँकेचा मूल्यांकन करणारा मंजूर नकाशाच बघतो आणि घर ‘वन बीएचके’ धरू शकतो. टोकन देण्याआधी मंजूर नकाशाची प्रत मागा आणि त्या चौकोनात काय लिहिलंय ते स्वतः वाचा. सोबत टेप ठेवा.